बंधाऱ्याच्या फळ्या

माझ्या स्वभावात विसरणं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढणारा माझं पान वगळून पुढे गेला, तर वीस वर्षांनीही त्याचं तोंड मला ओळखता येतं. लोक सांगतात, डूख धरू नये, आपल्यालाच त्रास होतो. होऊ दे. मी एका माणसावर डूख धरला आणि त्या जोरावर शिकले, नोकरीला लागले, बदलीसुद्धा मागून घेतली. प्रेमापोटी एवढं काम केलेले लोक मी फारसे पाहिलेले नाहीत.

तो माणूस आमच्या गावचा पुढारी. सगळं गाव त्याला आबा म्हणतं, म्हणून मीही तेच लिहिते. त्यात आदर बिदर काही नाही. गाव पांझरेच्या काठावर, पिंपळनेरकडून धुळ्याला येताना लागतं. नाव लिहीत नाही, कारण माझी चुलत भावंडं अजून तिथेच राहतात आणि त्यांना रोज त्याच लोकांना रामराम घालायचा असतो.

नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या एका अंगाने पाट निघतो आणि खालच्या जमिनी भिजवतो. त्या जमिनीचे चार फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीपाळीने घ्यायचं, अशी आमच्याकडची जुनी पद्धत. हे पाणी सांभाळणारा माणूस म्हणजे पाटकरी. माझे वडील पाटकरी होते, त्यांच्या आधी आजोबा. आम्ही बौद्धवाड्यातले. गावात मान देताना आमची आठवण कोणाला यायची नाही, पण पाणी कमी आलं की सगळे आमच्याच दाराशी यायचे.

बंधाऱ्यात पाटाच्या तोंडाजवळ एक दार होतं. दार म्हणजे दगडात दोन खाचा आणि त्यांत एकावर एक बसवलेल्या सात जाड फळ्या. फळ्या काढल्या की पाणी तळातून जोरात निघायचं आणि बंधाऱ्यापुढे साचलेली वाळू, गाळ घेऊन खाली जायचं. फळ्या घातल्या की पाणी तुंबून पाटात चढायचं. कधी काढायच्या आणि कधी घालायच्या, एवढंच वडिलांचं काम होतं आणि त्यातच सगळी विद्या होती.

पावसाळ्याची पहिली तीन-चार पाणी ते कधीच अडवत नसत. ते पाणी दाट, तांबडं असतं, वरून सगळ्या डोंगराची माती आणि वाळू घेऊन येतं. गावातले अधीर लोक म्हणायचे, अरे, एवढं पाणी वाया चाललं. वडील म्हणायचे, "पहिलं पानी आपलं नही. ते नदीनं शे. जाऊ द्या त्याले."

मी लहान असताना ते मला नदीत अनवाणी चालवायचे. डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, पायाखाली काय आहे. वळणाच्या आतल्या अंगाला वाळू बारीक लागायची, पाय रुतायचा. बाहेरच्या अंगाला गोटे टोचायचे, कारण तिथे पाणी जोरात घासून जातं. ते सांगायचे, "पानी म्हंजे बैल, नि वाळू म्हंजे गाडी. गाडी जड व्हयनी का बैल बसस. गाडी काढी लिधी का उधळस." पुढे शिकताना एका प्राध्यापकांनी हेच सांगायला तीन तास घेतले आणि दोन फळे खडूने भरले. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होते, सर, बैलगाडी काढा, लवकर संपेल.

मी बारावीत होते त्या वर्षी नदी सरळ करायचं काम गावात आलं. बंधाऱ्याच्या वर नदीला एक मोठं वळण होतं, घोड्याच्या नालेसारखं. ते वळण आबांच्या शेताला वळसा घालून जायचं. पोकलेन आणून वळणाच्या दोन टोकांमध्ये सरळ चर खणायचा, नदी त्यातून न्यायची आणि जुनं वळण मातीने बुजवायचं, असं ठरलं. पाणी पटकन वाहील, नदी खोल होईल, पूर येणार नाही, असं कागदावर होतं. बुजवलेल्या वळणाची जमीन आबांच्या शेताला लागून होती, ती आपोआप आबांकडे जाणार होती. हे मात्र कागदावर नव्हतं.

गावच्या बैठकीत वडील उठून उभे राहिले. असं ते कधी करत नसत. म्हणाले, "आबा, वळन काढू नका. नदीले ते लागस. वाळू तठेच बसस. ते काढं त बठ्ठी वाळू बंधाऱ्यावर ई." सगळी वाळू बंधाऱ्यावर येईल, हे ऐकून लोक हसले. आबाही हसले आणि म्हणाले, "तू फळ्या सांभाळ. नदीनं आम्ही दखी लेसूत."

वळण काढलं. जूनमध्ये पहिला पूर आला. वडील नेहमीप्रमाणे फळ्या काढायला निघाले तर आबांचा निरोप आला, फळ्यांना हात लावायचा नाही. आबांनी जलपूजन ठरवलं होतं. एक मोठे पाहुणे येणार, ते नारळ आणि साडीचोळी नदीला वाहणार, फोटो निघणार. नदी सरळ केल्याने बंधारा कसा पहिल्याच पाण्यात तुडुंब भरला, हे जगाला दाखवायचं होतं. रिकाम्या बंधाऱ्याचं पूजन कोण करणार? दुनियेत कुठे असं होत असेल की नाही मला माहीत नाही, पण आमच्याकडे फोटोसाठी नदी तुंबवून ठेवली.

पाहुणे तिसऱ्या दिवशी आले. पूजन झालं. पाहुणे गेल्यावर वडील हातातली लोखंडी आकडी घेऊन आबांसमोर गेले. फळ्या वर ओढायची ती आकडी. गाव तिथेच उभं होतं, मीही होते. वडील म्हणाले, "आबा, वर वाळू मोकळी शे. आते काढू द्या." आबा म्हणाले, "उद्या पेपरवाला येवाव शेतस. तवलोंग फळीले हात लावू नको." पेपरवाले येईपर्यंत फळ्या तशाच, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चाळीसेक माणसांनी ऐकलं.

त्या रात्री वर जोराचा पाऊस झाला. सरळ केलेल्या चरातून पाणी उधळत आलं आणि येताना चराचा तळ, दोन्ही काठ, बुजवलेल्या वळणाची मोकळी माती, सगळं घेऊन आलं. सकाळी बंधारा काठोकाठ वाळूने भरला होता. फळ्या वाळूखाली गेल्या होत्या. पाण्याला जायला जागा उरली नाही, तेव्हा ते बंधाऱ्याच्या बगलेतून काठ फोडून निघालं आणि पाटाचं तोंड उचलून घेऊन गेलं. चारही फड त्या वर्षी कोरडे राहिले.

बैठक बसली. आबा म्हणाले, मी पाटकऱ्याला सांगितलं होतं, पूजन झालं की फळ्या काढ. तो झोपून राहिला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी ऐकल्या.  वडिलांनी लोकांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाटाच्या अगदी शेवटी जिचं शेत होतं ती अक्काही तिथे होती. विधवा बाई, वरचे शेतकरी तिचं पाणी पळवायचे आणि वडील दर पाळीला तिच्या बांधावर स्वतः उभे राहून तिला पाणी द्यायचे. तिनेही पदर नीट केला आणि जमिनीकडे पाहिलं. मग वडिलांना ती आकडी पंचांपुढे ठेवायला लावली. तीन पिढ्यांचं काम गेलं, कामाचा मोबदला म्हणून खळ्यावर मिळणारं धान्य बंद झालं. ते सगळं परवडलं असतं. झोपून राहिला, हे नाही परवडलं.

मी त्याच दिवशी ठरवलं की हा माणूस ह्याच लोकांपुढे, ह्याच तोंडाने एक दिवस सांगेल की पाटकरी झोपला नव्हता. मला दुसरं काही नको होतं.

शिकले, पाण्याच्या खात्यात अभियंता झाले. पहिली नेमणूक जळगावला. भडगावकडे गिरणा नदीवर मोजणीला जायचे. नदीचा आडवा छेद काढायचा, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तळाची उंची मोजत जायचं आणि दरवर्षी तीच रेघ पुन्हा मोजायची. तळ कुठे खचला, कुठे भरला, काठ कुठे सरकला, सगळं त्या रेघांत दिसतं. वाळू उपसून नेलेल्या ठिकाणी नदी कशी खाली खाली जाते आणि पुलाचे पाय कसे उघडे पडतात, ते मी पाहिलं. दर वेळी वडिलांचा बैल आठवायचा.

जळगावातच पिंप्राळ्याला घर घेतलं आणि वडिलांना आणलं. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. पाऊस पडला की कॉलनीतल्या गटारीकडे पाहत बसायचे. समोरच्यांना एकदा म्हणाले, गाडी तिथे लावू नका, गटार तिथे वळते, गाळ तिथेच बसेल. समोरच्यांनी माझ्याकडे बघून कीव आल्यासारखं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी स्कूटर अर्ध्या चाकापर्यंत चिखलात होती. मी खिडकीतून चहा पीत ती काढताना बघितली आणि मदतीला गेले नाही.

पण जेवताना, कधी मध्येच, काही कारण नसताना वडील घास हातात धरून म्हणायचे, "मी झोपेल नव्हतू, बेटा." मी म्हणायचे, मला माहीत आहे, दादा. ते मान हलवायचे आणि जेवायला लागायचे. मला माहीत असून काय उपयोग होता? ज्यांना माहीत असायला हवं ते दीडशे किलोमीटर लांब होते. वडील गेले त्याच्या आदल्या आठवड्यातही ते हेच म्हणाले.

त्यांचं सगळं आटोपल्यावर मी विनंती अर्ज देऊन धुळ्याला बदली घेतली. साहेबांनी विचारलं, जळगावात घर असताना धुळ्याला कशाला? म्हटलं, हवा मानवते. धुळ्याची हवा मानवते म्हणणारी खात्यात मी पहिलीच असेन.

मला कोणाला शोधत जावं लागलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसे एक दिवस आबाच माझ्या टेबलासमोर आले. म्हातारे झाले होते, पण टोपीची इस्त्री तशीच. हातात अर्ज. नदी त्यांचं शेत खात होती. जिथे वळण बुजवून जमीन वाढवली, तिथेच काठ कोसळत होता आणि डाळिंबाच्या दोन ओळी आत गेल्या होत्या. काठाला संरक्षक भिंत बांधून हवी होती आणि त्यासाठी जागेची पाहणी करून अहवाल द्यायचा होता मी. त्यांनी मला ओळखलं. तोंडभर हसून म्हणाले, "तू आपला पाटकरीनी अंडेर ना? बठ्ठं गाव सांगस, आपली पोर सायेब व्हई गयी."

आता पाटकऱ्याची मुलगी आपली पोर!  मी त्यांच्याशी अहिराणीत बोलले नाही. फायलीच्या भाषेत म्हटलं, "अर्जदारांनी पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहावं. पंच म्हणून गावातली सात माणसं लागतील, जुनी, माहितगार." कोणती सात, तेही मीच सांगितलं. सगळी त्या बैठकीतली होती. त्यांत अक्का होती.

मोजणीत आकडे रंगवलेली उंच पट्टी धरायला खात्याचा मदतनीस असतो, त्याला आम्ही खलाशी म्हणतो. पाहणीच्या दिवशी मी खलाशाला रजा दिली. त्याला आश्चर्य वाटलं, कारण रजा त्याने मागितलीच नव्हती. दिवस वैशाखातला निवडला होता. नदीत उतरल्यावर मी आबांना म्हटलं, माणूस कमी आहे, पट्टी तुम्हालाच धरावी लागेल. आणि चपला काढा, तळ हलायला नको. चपलेने तळ हलत नाही. पण हे त्यांना कोण सांगणार?

बंधाऱ्यापासून त्यांच्या शेतापर्यंत मी त्या माणसाला अनवाणी नेलं. दर पन्नास पावलांवर एक छेद, दर छेदात पंधरा ठिकाणी पट्टी. वाळू तापली होती. ते एक पाय उचलून दुसऱ्यावर उभे राहायचे आणि मी मोजणीच्या दुर्बिणीतून बघत म्हणायचे, "हलू नका, आबा, आकडा दिसत नाही." आकडा दिसत असायचा. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

आकडे मात्र मी खरे लिहिले. बंधाऱ्यापुढे वाळू अजून काठोकाठ होती, तिच्यावर बाभळी वाढल्या होत्या. वर सरळ केलेल्या भागात तळ पुरुषभर खाली गेला होता, काठ कुऱ्हाडीने तोडल्यासारखे उभे. विजेच्या एका खांबाचा पाया उघडा पडून लटकत होता. आणि आबांच्या शेताशी तर ठिबकच्या नळ्या काठाबाहेर हवेत लोंबत होत्या. नदीने सरळपणा मानलाच नव्हता. ती जुन्या वळणाच्या जागेकडे काठ खात चालली होती, घरी परत निघालेल्या जनावरासारखी. ते वळण तिला वाळू टाकायला लागत होतं. ते काढून घेतल्यावर सगळी वाळू बंधाऱ्यावर आली आणि अजून दरवर्षी येतच होती. माझ्या वहीतला प्रत्येक आकडा वडिलांनी त्या बैठकीत उभं राहून सांगितलेलीच गोष्ट सांगत होता.

शेवटी परत बंधाऱ्यावर आलो. दाराच्या जागी मी जेसीबीने खड्डा घ्यायला लावला. खड्ड्याच्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते. तळाला जुन्या वर्षांच्या गाळाचे पातळ पदर, आणि त्यांच्यावर एकाच पुरात आलेला जाड वाळूचा थर, माझ्या छातीइतका. त्या वाळूत, दगडी खाचांमध्ये, साती फळ्या जशाच्या तशा बसलेल्या होत्या. ओल्या वाळूत राहिल्याने कुजल्या नव्हत्या. वाळू झाडल्यावर सगळ्यांत वरच्या फळीवर आकडी अडकवायची दोन्ही टोकांची कडी दिसली. साती माणसं खड्ड्याच्या काठावर उभी होती. 

मी पंचनाम्याचा कागद काढला. म्हटलं, "यात एक रकाना आहे. पहिल्या पुरात दार बंद का राहिलं, त्याचं कारण. अर्जदाराने पंचांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याशिवाय अहवाल पुढे जात नाही." असा कुठलाही रकाना नसतो. तो मी आदल्या दिवशी पट्टी घेऊन हाताने आखला होता.

आबांनी घाम पुसला. मला वाटलं, आता भांडण होईल, हा नाकारेल, ओरडेल. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून मी नाक दाबायला पूर्ण तयार होते. ते म्हणाले, "हां, मीच सांगेल व्हतं, फळ्या काढू नको म्हनीसन. पेपरवाला येवाव व्हतात, मंग काय करतू? पाटकरी काही झोपेल नव्हता. लिख." आणि बसायला जागा शोधू लागले.

एवढंच. पाऊण मिनिट लागलं असेल. त्यांचा आवाज कापला नाही, मान खाली गेली नाही. भिंत पाहिजे होती, त्यासाठी एक वाक्य लागत होतं, ते त्यांनी दिलं. एका पंचाने तंबाखू मळत म्हटलं, जुनी गोष्ट आहे ही. दुसऱ्याने चहाचं विचारलं. सहा जणांनी सह्या केल्या. मी तो कागद हातात धरून उभी होते आणि माझ्या अंगात काहीच होत नव्हतं. मी काय समजले होते? जमीन फाटेल?

अक्काने अंगठा उठवला. शाई पुसायला मी फडकं पुढे केलं, तर तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आम्हले ठाऊकच व्हतं, बेटी. तवयबी बठ्ठासले ठाऊक व्हतं."

मी तिचा हात सोडवून घेतला. तिला वाटलं असेल, ती मला धीर देते आहे. इतकी वर्षं मी धरून चालले होते की आबा खोटं बोलले आणि गावाने त्यावर विश्वास ठेवला. मी लोकांना खरं काय ते सांगायला निघाले होते. आणि हे तर खरं घरात ठेवून बसले होते, तांदळासारखं, डबा झाकून. वडिलांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं होतं ना, त्यांना त्याच दिवशी समजलं असणार. म्हणूनच ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून काही होणार नव्हतं.

धुळ्याच्या खोलीवर अहवाल लिहायला बसले, तेव्हा मला कळलं की मी कोणत्या पेचात सापडले आहे. आबांना बुडवायचं तर भिंत नाकारायची, जुनं वळण नदीला परत द्यायचं. आबांची जमीन गेली असती. पण मग नदीचा उतार कमी झाला असता, वाळू वळणात बसली असती, बंधारा मोकळा झाला असता, पाट चालू झाला असता आणि त्या साती जणांच्या, चाळीसही जणांच्या शेतात पाणी आलं असतं. गावाला बुडवायचं, तर आबांना भिंत द्यायची. भिंत आली की नदी सरळच राहणार, वाळू बंधाऱ्यावरच पडणार आणि गाव कोरडं राहणार. एकाचा सूड घ्यायचा तर दुसऱ्याचं भलं होत होतं. दोघांना एकदम धडा शिकवील असा अहवाल नदी मला लिहू देत नव्हती.

सांगायला संकोच नाही, मी आधी भिंतीचा अहवाल लिहिला. गावावरचा राग ताजा होता आणि आबांवरचा जुना. तीन पानं लिहिली. मग नकाशावर भिंत काढली आणि सवयीने खाली बंधाऱ्याशी वाळूची खूण करायला पेन्सिल नेली. छेदाच्या रेघेवर वाळू कुठे बसणार ते मला माहीत होतं. दाराच्या जागी, त्या फळ्यांवर. तिथे मी खूण करू शकले नाही. ती वाळू वडिलांच्या अंगावर एकदा टाकली गेली होती, माझ्या हाताने मी ती पुन्हा टाकणार नव्हते. तीन पानं फाडली आणि खरा अहवाल लिहिला: भिंत नको, वळण मोकळं करावं, बगल दुरुस्त करावी, पहिली पाणी अडवू नयेत. कारणांच्या जागी वडिलांचं वाक्य फायलीच्या भाषेत घातलं. वरच्या साहेबांना ते फार शास्त्रीय वाटलं.

मंजुरीला दोन पावसाळे गेले. मग वळण खणलं, बगल दुरुस्त झाली, वाळू काढून दारात नव्या फळ्या आल्या. आबांनी वर खूप पत्रं लिहिली, मला शिव्याही घातल्या असतील. मी त्या ऐकायला तिथे नव्हते, याचं वाईट वाटतं. जमीन सरकारी नोंदीत नदीचीच निघाली, म्हणून त्यांचं काही चाललं नाही. उरलेल्या डाळिंबाच्या चार ओळी वळणाच्या तोंडाशी होत्या. पहिल्या पुरात त्या जाणार हे मला छेदावरून दिसत होतं.

पहिला पूर आला तो रविवारी. मी डबा घेऊन गेले. खोटं कशाला सांगू, भाकरी आणि ठेचा घेऊन मी समोरच्या काठावर बसले, सुखाने, बघायला. पलीकडे आबा खुर्ची टाकून बसले होते. पाणी वळणात शिरलं आणि पहिल्या ओळीतलं झाड मुळासकट वाकलं. माती धप्पकन पडायची, मग थोडा वेळ काही नाही, मग पुढचं झाड. मी एकेक घास सावकाश खात होते. असं जेवण मला कित्येक वर्षांत गेलं नव्हतं.

तेवढ्यात मागे बंधाऱ्यावर आरडाओरडा झाला. पहिली पाणी अडवू नयेत, ही मंजुरीतली शेवटची ओळ ह्या शहाण्यांनी वाचलीच नव्हती. थोडं पाणी साठू दे म्हणून पहिल्याच पाण्याला नव्या फळ्या घालून ठेवल्या होत्या आणि आता लाल पाणी काठाला आलं, तेव्हा घाबरून काढायला लागले होते. चार माणसं एकाच टोकाला आकड्या लावून ओढत होती. एक टोक आधी उचललं की फळी खाचेत तिरकी होते आणि अडकून बसते. दोन्ही टोकं बरोबर उचलावी लागतात. हे त्यांच्यात कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याच्याकडून त्यांनी आकडी काढून घेतली होती.

मी बसून राहायला हवं होतं. मनात म्हणतही होते, ओढा, ओढा, भरू दे पुन्हा वाळूने. पण हात धुवायच्या आधी उठले होते. चपला काठावर टाकून खाली गेले, एकाच्या हातातली आकडी हिसकली, दुसऱ्याला त्याच्या आकडीसकट पलीकडच्या टोकाला उभा केला आणि अहिराणीत शिव्या देत सांगितलं, मी म्हणेन तेव्हाच उचल. एक फळी आली, मग दुसरी. पायाखालून दाट पाणी वाळू घेऊन निघालं, तळव्यांना खडे लागले, मग बारीक वाळू. साती फळ्या काठावर आल्या तेव्हा माझे हात सोलले होते.

वळून पाहिलं तर पलीकडे आबांची चारही ओळींची जागा पाण्याखाली होती. खुर्ची रिकामी होती, ते उठून गेले होते. शेवटचं झाड पडलं तेव्हा माझी पाठ तिकडे होती. पंधरा-वीस वर्षं जे बघायला थांबले, ते मला बघायला मिळालं नाही, आणि त्याचाही राग मी गावावरच धरला आहे.